आधी नांगर, मग लागवड

पावसाळ्यात बंद असलेली सिंधुदुर्गातली जलक्रीडा १ सप्टेंबरला पुन्हा सुरू होईल. पुणे, अहिल्यानगर, कोल्हापूरकडचे हजारो पर्यटक मालवणात उतरतील आणि त्यांतल्या अनेकांना आयुष्यातले पहिले जिवंत प्रवाळ सिंधुदुर्ग किल्ल्यालगतच्या उथळ पाण्यात दिसतील. तिथल्या खडकांवर पोरायटिसचे गोलसर गठ्ठे आहेत, टर्बिनेरियाच्या पसरट वसाहतीही आहेत.

असा गठ्ठा वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतो. ओढत गेलेला नांगर किंवा नवख्या पोहणाऱ्याचा पाय कित्येक वर्षांची वाढ क्षणात मोडतो.

हे नुकसान आता परवडणारे नाही. निसर्गसंवर्धनाची जागतिक संघटना असलेल्या आययूसीएनने नोव्हेंबर २०२४ मध्ये उष्ण पाण्यातल्या ८९२ प्रवाळ प्रजातींचा आढावा जाहीर केला, तेव्हा त्यांतल्या ४४ टक्के धोक्यात आढळल्या. २००८ मध्ये हे प्रमाण एक तृतीयांश होते. तापलेल्या समुद्रामुळे होणारे विरंजन, म्हणजे प्रवाळ पांढरे पडणे, मालवणातही नोंदले गेले आहे. समुद्राचे तापमान मालवणात बसून उतरवता येणार नाही, पण त्याच वसाहतीवर नांगर, गाळ आणि पावलांचा मार पडू न देणे इथल्याच लोकांच्या हाती आहे.

प्रवाळ संवर्धनातला उत्साह मात्र पुनर्लागवडीकडे अधिक झुकतो. तिचे मोल आहेच. थूथुकुडीची सुगंथी देवदासन संस्था मन्नारच्या आखातात २००२ पासून हे काम करते आहे. मुंबईत सागरी किनारा रस्त्यासाठी २०२० साली १८ वसाहती हलवल्या गेल्या. पण लावलेला तुकडा रुजायला स्थिर तळ लागतो, आणि जिथे रोज नांगर पडतात तिथे तो मिळणार कसा?

कायदा आहे. मालवण सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे आणि २००१ पासून दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मात्र अभयारण्याला मच्छीमारांचा विरोध सुरुवातीपासून राहिला. म्हणून नांगर टाकण्याऐवजी होड्या बांधायला कायम बोये कुठे बसवायचे, होड्या कुठे थांबवायच्या, हे त्यांच्यासोबत बसूनच ठरवावे लागेल. विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटरवरच्या आंग्रिया बँक या बुडित प्रवाळ पठाराच्या संरक्षणाची चर्चा पुढे जाईल तेव्हाही हा अनुभव कामी येईल.

हे उपाय लागू पडतात का, हे कळण्यासाठी प्रत्येक स्कूबा केंद्राने काही ठरावीक वसाहती निवडाव्यात. एकाच कोनातून, मोजपट्टीसह, दर महिन्याला त्यांचे छायाचित्र घ्यावे. पाण्याचे तापमान लिहावे. नोंदी वनविभागाच्या कांदळवन कक्षाला आणि संशोधकांना द्याव्यात. यंदाची पहिली होडी किल्ल्याकडे निघण्यापूर्वी बोयांच्या जागांची पाहणी आणि ही पहिली छायाचित्रे, दोन्ही कामे उरकलेली असावीत.