‘स्टर कर’ नको, ‘ढवळ’ म्हणा

मागच्या गणपतीत आमच्या घरी चॉकलेटचे मोदक झाले. पारी चॉकलेटची आणि आत सारण रासबेरीचं. आमच्या वर्गातल्या एका पालकांनी फोटो पाहिला आणि मला सरळ विचारलं, “दादा, आम्ही मुलांना मराठी शिकायला पाठवतो. तुम्ही त्यांना हे काय शिकवताय? पुरणपोळी शिकवा की!”

प्रश्न रास्त आहे. पण माझं उत्तर वेगळं आहे, आणि ते तुम्हाला कदाचित पटणार नाही. मला वाटतं, शॉमबर्गमध्ये वाढणाऱ्या मुलांना मराठी शिकवायला चॉकलेट आणि रासबेरी पुरणपोळीपेक्षा बरी. निदान सुरुवातीला तरी.

आधी तुम्हीच एक प्रयोग करा. आज संध्याकाळी तुमच्या घरी स्वयंपाक चालू असताना पाच मिनिटं फक्त ऐका. ‘मिल्क बॉईल झालं का बघ.’ ‘थोडं स्टर कर.’ ‘ओनियन कट करून दे.’ ‘बटर मेल्ट कर.’ वाक्य मराठी वाटतं, पण त्यात मराठी किती उरलंय? एक ‘कर’, एक ‘झालं’. बाकी सगळं इंग्रजी. मी हे दुसऱ्यांना नावं ठेवायला सांगत नाहीये. आमच्या घरात तर मीच सगळ्यात जास्त असं बोलायचो. मी साताऱ्याला मराठी माध्यमात शिकलो, दहावीपर्यंत सगळे विषय मराठीत. तरी दहा वर्षं इथे काढल्यावर माझ्या तोंडून ‘शुगर ॲड कर’ असंच यायला लागलं.

याचा तोटा काय, तो मला एका रविवारी कळला. माझी लेक तेव्हा नऊ वर्षांची होती. व्हिडिओ कॉलवर ती आजीला सांगत होती, “आजी, मी आज रासबेरी स्टर केली, मग ती थिक झाली, मग बर्न झाली.” माझी आई साताऱ्यात बसून हसत होती. ती म्हणाली, “छान हं, बाळा.” मग दोघी गप्प. आईला काहीच समजलं नव्हतं आणि विचारायचं कसं, हेही तिला सुचेना. मी मध्ये पडलो. म्हटलं, “आई, ती रासबेरी ढवळत होती, ती आळली आणि खाली लागली.” आई लगेच म्हणाली, “आच मोठी असणार! आणि भांडं पातळ बुडाचं घेतलंस का गं? थोडं पाणी शिंपडायचं होतंस.” त्यानंतर दोघी वीस मिनिटं बोलत होत्या. मी फक्त तीन क्रियापदं बदलली होती.

म्हणून माझं म्हणणं असं आहे: वस्तूंची नावं उसनी घेतली तर घ्या, पण कामाचे शब्द सोडू नका. ‘चॉकलेट’ला मराठी शब्द शोधत बसू नका. ‘रासबेरी’लाही नको. मलबेरीला आपल्याकडे ‘तुती’ असं छान नाव आहे, पण रासबेरीला लोक रासबेरीच म्हणतात. महाबळेश्वरला स्ट्रॉबेरीबरोबर रासबेरीही मिळते, आणि विकणारेही हाच शब्द वापरतात. आमच्या लहानपणी तर रासबेरी म्हणजे बर्फाच्या गोळ्यावरचं लालभडक सरबत. त्यात खरं फळ किती होतं, ते देव जाणे. खरी रासबेरी मी शाळेच्या सहलीत महाबळेश्वरला पहिल्यांदा खाल्ली, आणि ती आतून पोकळ असते याचं मला फार नवल वाटलं. फळ तोडलं की मधला पांढरा दांडा झाडालाच राहतो आणि आपल्या हातात नुसती टोपी येते. माझी लेक त्या टोप्या पाचही बोटांवर घालते आणि मग एकेक खाते. तुम्हीही घालून पाहा. पाहुणे नसताना.

आता कामाच्या शब्दांकडे येऊ. इंग्रजीत ‘स्टर’ म्हटलं की झालं. मराठीत तसं भागत नाही. आमटी ढवळतात, पण ताक घुसळतात. अंडं फेटतात. रवा परततात. दही-भात कालवतात. भाजी मऊ शिजली की घोटतात. प्रत्येक शब्दात हाताची हालचाल वेगळी आहे, आणि बऱ्याचदा भांडंही वेगळं आहे. ‘स्टर कर’ म्हटलेल्या मुलाला यातलं काहीच कळत नाही, कारण त्याला आपण एकच शब्द दिलाय. माझ्या नोकरीत मी दिवसभर ‘डिप्लॉय केलं’, ‘टेस्ट केलं’ असं म्हणतो आणि त्याची मला लाज वाटत नाही. तिथे आपल्याकडे रोजचा शब्द नाही. पण स्वयंपाकघरात आपल्याकडे सहा आहेत, आणि तरीही आपण सातवा उसना आणतो!

मग पुरणपोळीच का नको? नको असं नाही. पण पुरणपोळी अवघड आहे. ती फाटते, मुलं रडकुंडीला येतात आणि शेवटी आईच लाटते. मुलं मग नुसती बघत उभी राहतात, आणि बघत उभं राहून क्रियापदं येत नाहीत. चॉकलेटच्या मोदकात मुलांचे हात चालतात. शिवाय चुकलं तरी ते खाता येतं, हा फार मोठा फायदा आहे.

चुकतं मात्र नक्की. आमचं पहिल्या वर्षी सगळंच चुकलं. मी उकळत्या पाण्यावर एक भांडं ठेवून त्यात चॉकलेट वितळवत होतो, आणि लवकर व्हावं म्हणून वर झाकण ठेवलं. झाकणाला वाफ धरली, तिचं पाणी चॉकलेटमध्ये टपकलं, आणि दोन मिनिटांत छान तुकतुकीत चॉकलेटचा रवाळ, कोरडा गोळा झाला. कारण सोपं आहे. चॉकलेट म्हणजे कोको आणि साखरेचे बारीक कण, कोकोच्या चरबीत बुडवलेले. पाण्याचा थेंब पडला की ते कण ओले होतात आणि एकमेकांना चिकटतात. रव्याच्या लाडवात पाक कमी-जास्त झाल्यावर जो गोंधळ होतो, त्याचाच हा भाऊ. गंमत म्हणजे त्यावर उपाय पाणी काढणं हा नाही, कारण ते निघतच नाही. उलट गरम दूध किंवा क्रीम चमच्याचमच्याने घालत, ढवळत राहायचं. मग ते पुन्हा मऊ होतं. त्याचे मोदक होत नाहीत, पण ब्राउनीवर ओतायला चालतं.

आणि रासबेरीत तर जवळजवळ 85 टक्के पाणीच असतं. म्हणून ती ताजी चिरडून चॉकलेटमध्ये घातली की तोच घोटाळा. ती आधी आटवावी लागते. ‘आटवणं’ हा शब्द बासुंदीमुळे तुमच्या घरात असेल, तो इथे वापरा. कॉस्टकोतला एक 12 औंसाचा डबा घ्या. त्यात चार चमचे साखर घालून मंद आचेवर ठेवा. फळं आपोआप विरघळतील. मग बिया काढायच्या. मी मोठ्या उत्साहाने भारतातून आणलेलं पुरणयंत्र काढलं, पण रासबेरीच्या बिया इतक्या बारीक की त्या भोकांतून आरामात खाली उतरल्या. शेवटी चहाची गाळणी कामाला आली. (चहा गाळतात आणि पीठ चाळतात, हेही मुलांना तिथेच सांगून टाका.) गाळलेला गर पुन्हा आटवा, त्यात सुकं खोबरं घाला आणि मुरांब्यासारखा घट्ट झाला की उतरवा. हे सारण. साच्याला आतून वितळलेल्या चॉकलेटची पारी लावायची, ती थंड झाली की सारण भरायचं आणि वरून पुन्हा चॉकलेटने बंद करायचं. अकरा मोदकांना साधारण 250 ग्रॅम चॉकलेट लागतं.

एक धोक्याची सूचना. रासबेरी बासुंदीत घालू नका. रासबेरी आंबट असते, आणि गरम दुधात आम्ल गेलं की दूध फाटतं. श्रीखंडात मात्र ती खुशाल घाला, कारण चक्का मुळातच आंबट. आम्रखंड चालतं, तर हे का नको? वरून काळं चॉकलेट किसून टाकलं की आमच्याकडे वाटी चाटूनपुसून साफ होते.

आता त्या पालकांचा दुसरा मुद्दा. ते म्हणाले, “पण हे आपलं नाही.” मला हे ‘आपलं’ कुठे सुरू होतं ते कळत नाही. एकादशीला आपण साबुदाण्याची खिचडी खातो. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओका, शेंगदाणे, बटाटा, मिरची, हे सगळं मूळ अमेरिका खंडातलं. कोकोचं झाडही तिथलंच. म्हणजे खिचडी आणि चॉकलेट एकाच माहेरचे. एक उपवासाला चालते आणि दुसरं नैवेद्याला चालत नाही, याचं कारण एवढंच की एक आधी आली. ब्राउनीचंच घ्या. ती इथून तासाभरावर, शिकागोच्या पामर हाउस हॉटेलात 1893 च्या जागतिक प्रदर्शनासाठी पहिल्यांदा केली गेली असं सांगतात. तीही तेव्हा कोणाची ‘आपली’ नव्हती.

आईचाही आधी विरोध होता. “बाप्पाला चॉकलेट?” असं म्हणून ती फोनवर थोडा वेळ काही बोललीच नाही. मी तिला आठवण करून दिली की आमच्या साताऱ्याकडे तळणीचे मोदक करतात आणि उकडीच्या मोदकांना माझी आजी ‘कोकणातले’ म्हणायची. त्यावर आई म्हणाली, “तळणीचे पाच तरी कर, मग बाकीचे काय करायचे ते करा.” ते मला मान्य आहे. आम्ही पाच तळणीचे करतो आणि बाकीचे चॉकलेटचे. तळणीचे मी करतो, कारण गरम तेल आहे. चॉकलेटचे पूर्ण लेकीचे.

तुम्ही करून पाहणार असाल तर ऑगस्टचा शेवट चांगला. इथे परसात लावलेल्या काही जातींच्या रासबेरीला तेव्हा दुसरा बहर येतो, थंडी पडेपर्यंत फळं मिळतात, आणि गणपतीही साधारण त्याच सुमारास येतात. रानातली काळी रासबेरी जून-जुलैत दिसते, पण कुक काउंटीच्या राखीव जंगलांत ती तोडायला बंदी आहे. मुलांना आधीच सांगा, नाहीतर तिथे उभं राहून समजावत बसावं लागतं.

करताना माझी एकच अट आहे. त्या तासाभरात ‘स्टर’, ‘मेल्ट’, ‘बॉईल’, ‘मिक्स’ हे चार शब्द बंद. चॉकलेट, क्रीम, मायक्रोवेव्ह सगळं चालेल. चुकून शब्द आला तर एक रासबेरी समोरच्याला द्यायची. आमच्याकडे पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त रासबेरी मीच गमावल्या.

एका शब्दापाशी मात्र मी अजून अडलोय. चॉकलेट वितळवून, ठरावीक उष्णतेपर्यंत निववून, परत थोडं गरम करतात. त्याने मोदक चमकतो आणि मोडताना ‘टक्’ असा आवाज येतो. याला इंग्रजीत टेम्परिंग म्हणतात, आणि मीही तेच म्हणतो. ‘निववणं’ हा त्यातला अर्धाच भाग झाला. लोहार लोखंडाला ‘पाणी देतात’, पण चॉकलेटला पाणी दिलं तर काय होतं ते वर वाचलंच आहे. तुमच्या आजीला विचारा. तिला एखादा शब्द सुचला तर खालच्या रिकाम्या ओळीवर लिहा आणि पुढच्या रविवारी वर्गात घेऊन या.