दुसऱ्या तहसिलीच्या बस्त्यातील पूर्वज

सावनेरचे एखादे व्यापारी कुटुंब आपल्या पूर्वजांचा कागदोपत्री शोध घेऊ लागले की पहिल्याच पायरीवर अडखळते. सावनेर तहसिलीचा जुना बस्ता मागितला जातो. तो मिळत नाही. कागद नष्ट झाले असे समजून शोध थांबतो. वस्तुतः विसाव्या शतकाच्या आरंभी सावनेर हे रामटेक तहसिलीत मोडत होते. त्या काळचे महसुली कागद रामटेकच्या नावाने बांधलेले असणे स्वाभाविकच आहे. पणजोबा हरवलेले नसतात, ते दुसऱ्या बस्त्यात असतात.

या बाबतीत आयर्लंडचे उदाहरण उद्‌बोधक आहे. तेथे शेतीच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा राजमान्य चर्चला द्यावा लागे. बहुसंख्य प्रजा कॅथलिक, म्हणजे त्या चर्चच्या बाहेरची. तरीही करातून सुटका नव्हती. १८२३ च्या कायद्याने हा कर रोख पैशांत ठरला आणि पुढील सुमारे पंधरा वर्षांत गावोगावच्या जमीनधारकांच्या याद्या तयार झाल्या. १९२२ च्या यादवी युद्धात डब्लिनचे अभिलेखागार जळाले, जुन्या जनगणनेचे बहुतेक कागद त्यात गेले, आणि ज्या याद्यांचा प्रजेला तिटकारा होता त्याच वंशजांना आधार ठरल्या. मात्र त्यांतही घोळ आहेत. किलब्राइड नावाचे परगणे अनेक जिल्ह्यांत. काही परगणे दोन जिल्ह्यांत विभागलेले. वाड्यांची नावे कारकुनाने कानाला लागली तशी लिहिलेली. परिणामी एखादी यादी शेजारच्याच जिल्ह्याखाली लागते आणि कुटुंब परदेशी गेले असावे, असा निष्कर्ष वंशज काढून बसतात.

सावनेरच्या परिसरात हा गोंधळ अधिकच गुंतागुंतीचा आहे. छिंदवाड्याच्या रस्त्याने सौंसर, पांढुर्णा या भागांशी येथील घरांचे सोयरसंबंध आणि उधारीचे व्यवहार जुने. हा सारा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा होता. १८५४ मध्ये तो खालसा झाला, १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला, १९५६ मध्ये राज्याची सीमा मधून गेली आणि २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. दुकान जागचे हलले नाही; त्याच्या कागदावरचा पत्ता मात्र पुन्हा पुन्हा बदलला. त्यातच कारकुनाने आडनावाऐवजी नुसते ‘मारवाडी’ किंवा ‘वाणी’ लिहिलेले असते, आणि जनगणनेत कित्येक जैन घरांची नोंद ‘हिंदू’ या सदरात गेलेली असते. जैन म्हणून शोधणाऱ्यास ते घर सापडणार कसे? सरकारी कारकुनाला सारा वसूल करायचा होता, कोणाची वंशावळ लिहायची नव्हती, हे ध्यानात ठेवले म्हणजे त्याच्यावर रागावण्याचे कारण उरत नाही.

मंदिरातील प्रतिमालेख हे दुसरे साधन. त्यात संवत, भट्टारकांचे नाव, दात्याची ज्ञाती व गोत्र आढळते. डॉ. विद्याधर जोहरापूरकर यांच्या ‘भट्टारक संप्रदाय’ या १९५८ च्या ग्रंथात कारंजासह अनेक पीठांची अशी सामग्री एकत्र आली आहे. पण येथेही सावधगिरी हवी. शाह जीवराज पापडीवाल यांनी संवत १५४८ मध्ये मुडासा येथे प्रतिष्ठित करविलेल्या प्रतिमा देशभरच्या असंख्य मंदिरांत विराजमान आहेत. गावच्या मंदिरात पापडीवालांचा लेख वाचून ते त्याच गावचे होते असे मानणे म्हणजे बस्त्याचे नाव पाहून आतला कागद ठरविणे होय. मूर्ती प्रवास करते आणि लेख तिच्याबरोबर जातो.

उरतात घरच्या वह्या. सरकारी बस्ता चुकीच्या नावाखाली असला तरी तो कोठेतरी असतो. दिवाळीच्या आवराआवरीत रद्दीत गेलेली वही परत येत नाही. मोडी किंवा महाजनी लिपी वाचणारे घरात कोणी नाही, एवढ्याच कारणाने रोजमेळ आणि खतावण्या निकालात निघतात. त्यांत देवद्रव्याचा जमाखर्च असतो, लग्नाचे अहेर असतात, सौंसरच्या कुळांची नावे त्यांच्या वडिलांच्या नावांसह असतात. पेढीचे नाव, गाव आणि संवत बहुधा पहिल्याच पानावर, शुभचिन्हाखाली लिहिलेले असते. वाळवीला सर्वप्रथम सापडते तेही तेच पान; म्हणून त्याची नक्कल आधी करून घ्यावी, उरलेली वही सवडीने वाचता येते.