दोष जिभेचा नाही

एका रविवार पुरवणीत नुकताच एक लेख आला. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं : प्रत्यारोपणाची किडनी मिळणं हे भाग्य. ती मिळाल्यावर जे वर्षभरात आठ-दहा किलोंनी सुटतात त्यांचा जिभेवर ताबा नाही. अशा माणसाला अवयव देणं ही त्या अवयवाची नासाडी, म्हणून लठ्ठ रुग्णांना प्रतीक्षायादीत घेऊच नये. आणि यकृतावरची चरबी? ती हल्ली घरोघरी सापडते, तिचा बाऊ कशाला! म्हणजे वजनासाठी रुग्णाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं, आणि त्याच वजनाने पोखरलं जाणारं यकृत मात्र किरकोळ म्हणून सोडून द्यायचं.

मी किडनीच्या रुग्णांचा आहार बघते. जिभेचा हा आरोप मी वॉर्डात, नातेवाइकांच्या तोंडून, कधी कधी डॉक्टरांच्याही तोंडून ऐकत आले आहे. तो छापून आला म्हणून खरा होत नाही.

डायलिसिसवरचा माणूस काय खातो हे या लेखकांनी कधी बघितलं आहे का? शहाळं नाही, केळं नाही, भाजी उकळून तिचं पाणी ओतून द्यायचं, दिवसभराचं पाणी बाटलीत मोजून ठेवायचं. रक्तात साठलेल्या विषारी द्रव्यांमुळे मळमळ, तोंडाला धातूसारखी चव, पानावरचा घास पानातच. अशी वर्षं काढलेल्या माणसाला नवी किडनी बसते आणि काही दिवसांत अन्नाला चव येते. शरीर झीज भरून काढू बघतं. ही हाव नाही, बरं होण्याचीच ती खूण आहे.

नेमक्या त्याच वेळी प्रेडनिसोलोन मोठ्या डोसमध्ये सुरू असतं. रुग्ण सांगतात, पोट भरतं पण भूक जात नाही. मध्यरात्री उठून डबे उघडावेसे वाटतात. हे स्टिरॉइड भूक वाढवतं, स्नायूंतली प्रथिनं मोडून त्यांची साखर करायला लावतं, इन्सुलिनला दाद न देण्याची सवय शरीराला लावतं आणि चरबी पोटावर, मानेवर, चेहऱ्यावर आणून ठेवतं. जोडीला टॅक्रोलिमस. ते स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींनाच मंदावतं. प्रत्यारोपणानंतर कितीतरी जणांना आयुष्यात पहिल्यांदा मधुमेह होतो, तो याच वाटेने. 1954 साली बोस्टनमध्ये जे पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण झालं, त्यात देणारा आणि घेणारा एकसारखे जुळे भाऊ होते. त्यांचं या औषधांवाचून भागलं. बाकीच्यांचं भागत नाही. शरीराने परकी किडनी नाकारू नये म्हणून आपणच ही औषधं देतो, ती घेतलीच पाहिजेत असं बजावतो, आणि त्यांचे परिणाम दिसू लागले की रुग्णाला अधाशी ठरवतो. याला मी अन्याय म्हणते.

काट्यावरचं वजन सगळी गोष्ट सांगतही नाही. किडनीच्या आजाराने स्नायू आधीच झडलेले असतात, स्टिरॉइड ते आणखी झिजवतं. हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे, असा माणूस काट्यावर अगदी ‘नॉर्मल’ भरतो. पुण्याच्या एका मधुमेह-संशोधकाने 2004 साली हे स्वतःच्या शरीरावरून दाखवून दिलं : त्यांचा आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्याचा बीएमआय सारखाच, 22.3; पण शरीरातली चरबी त्यांची 21.2 टक्के आणि सहकाऱ्याची 9.1. म्हणूनच आपल्याकडे 23 च्या वर जादा वजन आणि 25 च्या वर लठ्ठपणा धरतात. ज्या आकड्यावर माणसाला यादीतून काढायला हे लेखक निघाले आहेत, तो आकडा आपल्या लोकांच्या बाबतीत इतका कच्चा आहे.

यादीतून वगळण्याबद्दल एवढंच : लठ्ठ रुग्णाची जखम चिघळण्याचा आणि नवी किडनी उशिरा कामाला लागण्याचा धोका जास्त असतो, हे मान्य. तरीही केवळ लठ्ठपणासाठी कुणाला वगळू नये, असंच 2020 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही सुचवतात.

राहिलं यकृत. पूर्वी एका व्याख्यानानंतर एक गृहस्थ माझ्याशी हुज्जत घालत होते की यकृत बिघडलं म्हणजे माणूस पितोच, घरचे लपवतात. तेव्हा दारूचा संशय घ्यायचा, आता दारू नाही म्हटल्यावर दुर्लक्ष करायचं. दोन्हींत यकृताची तपासणी राहूनच जाते. चरबी साठलेलं यकृत दुखत नाही, रक्ततपासणीतलं एसजीपीटी कित्येकदा मर्यादेत असतं, आणि काही जणांत आतल्या आत यकृत चिवट, घट्ट होत जातं. प्रत्यारोपित रुग्णाला हे जास्त महाग पडतं, कारण टॅक्रोलिमसचा निचरा मुख्यतः यकृतच करतं. शिवाय अशा यकृताबरोबर मधुमेह आणि हृदयविकार येतात. किडनी ठणठणीत चालू असताना हृदयविकाराने गेलेले रुग्ण प्रत्येक जुन्या केंद्राला ठाऊक आहेत. घरोघरी आहे म्हणून क्षुल्लक, हा न्याय मग रक्तदाबालाही लावणार का?

मग करायचं काय? प्रत्येक भेटीत क्रिएटिनिनच्या रकान्याशेजारी कमरेचा घेर लिहायचा. सकाळी घेतलेल्या स्टिरॉइडने साखर दुपारनंतर चढते, तेव्हा फक्त उपाशीपोटीची साखर बघून समाधान मानायचं नाही. यकृताची फायब्रोस्कॅनने चाचणी करायची, दिसायला सडपातळ असलेल्या मधुमेह्याचीसुद्धा. वरण, उसळ, अंडी यांची जुनी धास्ती घालवायची. डायलिसिसच्या आधी प्रथिनं कमी करायला सांगितलेलं असतं, ते पथ्य लोक पुढेही चालवतात आणि भाताने पोट भरतात. टाके भरल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने चालणं आणि थोडं वजन उचलणं सुरू करायचं, ‘जपून रहा’ म्हणत माणसाला वर्षानुवर्षं खुर्चीत बसवायचं नाही. स्टिरॉइड मात्र कुणीही वजनाच्या धास्तीने आपल्या मनाने कमी करू नये. किडनी त्यात जाऊ शकते. आणि हे सगळं पहिल्याच महिन्यात सुरू व्हायला हवं, वजन वाढून बसल्यावर नव्हे.

आणखी एक. आपल्याकडे जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायकाच जास्त : बायको, आई, बहीण. ती त्याच स्वयंपाकघरात शिजवते आणि तेच जेवते, फक्त आता एका किडनीवर. किडनी घेणाऱ्याच्या तपासणीच्या दिवशी ती बाहेरच्या बाकावर फाइल धरून बसलेली असते. तिचं वजन, तिची साखर, तिचा रक्तदाब त्याच दिवशी, त्याच खोलीत बघायला हवा.