हरबोल्यांचे नाव

झांशीच्या राणीवर हिंदीत लिहिल्या गेलेल्या सर्वांत प्रसिद्ध कवितेचा एक विशेष आहे, आणि समीक्षेने तो जवळजवळ ओलांडूनच जायचे ठरवलेले दिसते. सुभद्राकुमारी चौहान यांची ‘झाँसी की रानी’ ही कविता कडव्यामागून कडव्यात आपल्या कथेचा आधार सांगते. ही कहाणी आपण बुंदेलखंडातल्या हरबोल्यांच्या तोंडून ऐकली, असे ती पुनःपुन्हा बजावते. इतिहासकाराने तळटीप द्यावी तशी ही कवयित्रीने दिलेली तळटीप आहे, आणि तीही ध्रुपदात. पिढ्यान्‌पिढ्या शाळकरी मुलांनी ते ध्रुपद पाठ केले. हरबोले कोण, ते कोणापुढे गात, त्यांतल्या एकाचे तरी नाव काय, हा प्रश्न वर्गात कितीदा विचारला गेला असेल? ज्यांच्या जिभेवर ती राणी जिवंत राहिली, त्यांचे आभार मानण्याचा विधी आपण पार पाडला आणि त्यांना विसरून गेलो.

मराठी वाचकाची झांशी वेगळ्या वाटेने आली. नेवाळकरांचे संस्थान, दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी १८९४ मध्ये लिहिलेले राणीचे चरित्र आणि विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’, या तीन खुणांनी आपण ते शहर ओळखतो. गोडसे भटजी १८५८ च्या वेढ्यात झांशीत होते. त्यांनी लिहिलेले छापून आले १९०७ मध्ये, तेही चिंतामण विनायक वैद्यांच्या संपादकीय कात्रीतून. मूळ बखर वाचायला मिळण्यासाठी दत्तो वामन पोतदारांची १९६६ ची आवृत्ती यावी लागली. म्हणजे डोळ्यांनी पाहिलेली हकीकत वाचकापर्यंत पोहोचायला जवळजवळ अर्धे शतक लागले, आणि पुरती पोहोचायला शतक उलटले. हरबोल्याला कोणा संपादकाची वाट पाहावी लागली नाही. त्याचा ऐकणारा दारात उभा होता. महाश्वेतादेवींनी हे ओळखले. १९५६ च्या आपल्या ‘झाँसीर रानी’साठी त्या बुंदेलखंडात हिंडल्या आणि कागदपत्रांइतकेच लोकांच्या तोंडचे गाणे व आठवणी त्यांनी प्रमाण मानल्या.

हरबोला हा आपल्याला अपरिचित नाही, ही गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातीजमातींवरच्या १९१६ च्या ग्रंथात हरबोला आणि वासुदेव ही नावे एकाच नोंदीखाली येतात. पहाटे झाडावर चढून हरनामाचा पुकारा करणारा तो हरबोला, असा त्या नावाचा एक अर्थ सांगतात. मोरपिसांची टोपी घालून, चिपळ्या वाजवत आपल्या अंगणात येणाऱ्या वासुदेवाचा तो भाऊबंद. वासुदेव काय करतो, ते नीट आठवून पाहावे. तो नुसते गाऊन निघून जात नाही. देणाऱ्याचे नाव विचारून घेतो, त्याच्या वाडवडिलांची नावे गाण्यात गुंफतो, दान कोणकोणत्या देवाला पावले ते सांगतो. गाणारा ऐकणाऱ्याला नावानिशी ओळखतो आणि पुढच्या वर्षी त्याच उंबरठ्यावर परत येतो. या येण्याजाण्याला आपण भिक्षा म्हणालो. आपणच नव्हे, कायदाही म्हणाला. १९५९ च्या मुंबईच्या भिक्षाप्रतिबंधक कायद्याने भीक मागण्याची व्याख्या करताना गाणे आणि नाचणे यांना भीक मागण्याच्या बहाण्यांत बसवले. दिल्लीला लागू केलेल्या याच कायद्यातली बरीच कलमे तिथल्या उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरवली. न्यायालयाला जे उमगले, ते लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी आधी म्हणायला हवे होते.

अभ्यासकांनी ते का म्हटले नाही? माझ्या मते याचे मूळ एका व्याख्येत आहे, आणि माझा खरा वाद त्या व्याख्येशी आहे. लोकसाहित्य हे अनामिक असते, ते समूहाची निर्मिती असते, असे आपण पदव्युत्तर वर्गांत पहिल्याच तासाला सांगतो. विद्यार्थी ते उत्तरपत्रिकेत लिहितात, त्यांतले काही पुढे प्राध्यापक होतात आणि तेच सांगतात. या व्याख्येत थोडे सत्य आहे. गाणे तोंडातोंडी फिरते, बदलते, अनेकांचे होते. पण अनेकांचे होणे आणि कोणाचेच नसणे यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. बहिणाबाई चौधरींचे चिरंजीव सोपानदेव स्वतः कवी नसते, आणि १९५२ साली ती गाणी पुस्तकरूपाने आली नसती, तर त्यांतल्या निम्म्या ओव्या आज कुठल्यातरी संकलनात ‘खानदेशी, पारंपरिक’ म्हणून पडून असत्या.

झांशी जिल्ह्यातला ईसुरी या व्याख्येला फार अडचणीत आणतो. मऊरानीपूरजवळच्या मेंढकी गावी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जन्मलेला हा फागकार. फाग हे होळीच्या सुमाराचे गाणे. त्याची चार कड्यांची बांधणी, जिला चौकडिया म्हणतात, ती ईसुरीच्या नावाशी जोडलेली आहे. त्याच्या फागांत अखेरीस त्याचे स्वतःचे नाव येते, आणि ज्या रजऊला उद्देशून तो गातो तिचेही नाव येते. हा माणूस समूहात विरघळलेला नाही. तो फागातून आपली ओळख सांगतो, आणि ऐकणारा ती ओळख पुढच्या गावी नेतो. त्याचा धीरे पंडा हा गायक त्या फागा गात असे, आणि ते नावही बुंदेलखंडाने जपले आहे. कृष्णानंद गुप्तांसारख्या संकलकांनी फागा गोळा केल्या, तेव्हा त्यांना त्या कोणत्या ग्रंथभांडारातून मिळाल्या नाहीत. गाणाऱ्यांच्या आणि ऐकणाऱ्यांच्या स्मरणातून मिळाल्या.

त्या स्मरणाची शाळा कोणती, तर फड. हा शब्द बुंदेलीतही आहे आणि तोच अर्थ घेऊन आहे. तिथेही दोन पक्ष समोरासमोर बसत, तिथेही कलगी आणि तुर्रा होते, तिथेही सवाल टाकला जाई आणि जवाब न सुचणारा हरे. निवाडा करणारे प्रेक्षकच. रात्र रात्र बसून ऐकणारा हा माणूस छंद ओळखत होता, चोरलेली कडी पकडत होता, वारंवार तेच गाणाऱ्याला उठवून लावत होता. आपल्या शाहिरी परंपरेच्या अभ्यासकांनी कलगीतुऱ्यावर पुष्कळ लिहिले आहे. पण त्यांच्या लेखनात फडावरचा श्रोता बहुधा गर्दी म्हणून येतो, जाणकार म्हणून क्वचितच.

मग कॅसेट आली आणि अभिजनांनी नाके मुरडली. ऐंशी-नव्वदच्या दशकांत लहान शहरांतल्या कंपन्यांनी बोलीभाषांतली गाणी स्वस्त कॅसेटींवर आणली, तेव्हा बुंदेली गायकांना हिंदी चित्रपटसंगीताच्या बाहेरचा एक बाजार प्रथमच मिळाला. छतरपूर जिल्ह्यातले देशराज पटैरिया हे त्यातले सर्वांत मोठे नाव. छतरपूरच्या आकाशवाणीने त्यांचा आवाज पसरवला, कॅसेटींनी तो चहाच्या टपऱ्यांवर आणि ट्रॅक्टरांवर नेला. २०२० मध्ये ते गेले तेव्हा उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेश अशा दोन राज्यांतल्या बुंदेलखंडाने शोक केला. प्रशासनाने त्या मुलखाच्या मधोमध रेघ ओढली आहे. झांशी एका राज्यात आणि तिथून जेमतेम पंधरा-वीस किलोमीटरांवरचे ओरछा दुसऱ्या राज्यात. गाण्याच्या श्रोतृवर्गाने ती रेघ कधीच मानली नाही. असा गायक आपल्या हिंदी वा मराठी समीक्षेच्या किती पानांवर आला? वामनदादा कर्डकांच्या वाट्याला आमच्या भाषेत जे आले, त्याहून वेगळे नव्हे. गीताच्या शेवटी आपले नाव घालून गावोगाव गाणारा हा कवी श्रोत्यांना तोंडपाठ होता, आणि साहित्याचे इतिहासकार त्याच्यासाठी प्रकरण शोधत बसले.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो हलका नाही. श्रोत्याच्या मागे धावणारा गायक श्रोत्याची हीन अभिरुचीही पुरवतो. कॅसेटींच्या काळात द्व्यर्थी गाण्यांचा पूर आला, मोबाइलने तो वाढवला, आणि त्या गाण्यांत बाईची जी विटंबना होते ती परंपरेच्या नावाखाली झाकता येणार नाही. हे सारे मला मान्य आहे. पण मग या गाण्यांची समीक्षा कोण करणार? कवितासंग्रह वाईट निघाला तर आपण कवीचे नाव घेऊन तसे लिहितो. लोकगायकाचे गाणे वाईट निघाले की आपण ‘लोकसंगीताचा ऱ्हास’ म्हणून उसासा टाकतो आणि गाणाऱ्याला अनामिकच ठेवतो. ज्याचे नाव घ्यायचे नाही त्याच्यावर टीका तरी कशी करणार? शिवाय शृंगाराचा बाऊ करणाऱ्यांनी ईसुरीचे काय केले, तेही पाहावे. मैत्रेयी पुष्पा यांचे उच्च शिक्षण झांशीतच झाले. त्यांच्या ‘कही ईसुरी फाग’ (२००४) या कादंबरीतली संशोधक तरुणी ईसुरी आणि रजऊ यांच्यावर काम करते आणि तिचा प्रबंध नाकारला जातो. विद्यापीठाला ईसुरी हवा आहे, पण त्याला आठवणाऱ्या माणसांसकट नको.

बाजाराचा खरा दोष अश्लीलतेहून खोल आहे आणि तो कोणी फारसा सांगत नाही. कंपनीने एकरकमी पैसे देऊन गाणे घेतले, की ते किती विकले, कुठे वाजले, कोणी पुन्हा मागितले, यातले काहीही गाणाऱ्याला कळत नसे. वेष्टनावर ‘पारंपरिक’ असे छापले की हिशेबही संपला. सरकारी महोत्सवांतही वेगळे काय घडते? गायकाला राजधानीत नेतात, पोशाख चढवतात, ठरावीक मिनिटे देतात, आणि समोर बुंदेलीचा एक शब्द न समजणारे निमंत्रित टाळ्या वाजवतात. त्याला प्रमाणपत्र मिळते. कोणती कडी फसली, हे सांगणारे कोणी त्या सभागृहात नसते.

याउलट ओरछा येथे २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘रेडिओ बुंदेलखंड’ या सामुदायिक केंद्राकडे पाहावे. तिथे बुंदेली बोलणारेच बोलतात आणि ऐकणारे गाऊ लागतात; त्यांनी गावच्या गायकांची स्पर्धाही घेतली. तिचे नाव ‘बुंदेली आयडॉल’ ठेवले, यावर रसिकांनी हसावे हवे तर. फडाची आठवण मला त्यात दिसते. आणि आज झांशीच्या आसपासचा एखादा गायक मोबाइलवर आपले गाणे सोडतो, आरंभी नाव आणि गाव सांगतो, शेवटी फोन नंबर देतो, तेव्हा ईसुरीची नाममुद्रा आणि हा नंबर यांत मला प्रकाराचा फरक दिसत नाही. दोन्हींचा अर्थ एकच: मी अमुक, इथे राहतो, ऐकलेत तर बोलवा. यंत्र परके असेल. मधल्या दलालांची नवी जातही त्यात शिरली आहे. पण बोलावणे येते ते थेट गाणाऱ्याकडे.

आमच्या क्षेत्राला हे जमणार नाही असे नाही, कारण एकदा जमले आहे. गी पॉइटेव्हां आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्या गाणाऱ्या बाईच्या आणि तिच्या गावाच्या नावानिशी. २०१७ पासून त्या आवाजासकट लोकांपुढे येत आहेत. ओवी सर्वांची असूनही ती गाणारी कोण हे सांगता येते, याचा हा लाखमोलाचा पुरावा असताना अनामिकतेचे तत्त्व आम्ही अजून कशाच्या बळावर शिकवतो? कायदासुद्धा आमच्या पुढे गेला. १९९४ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याचे हक्क मान्य झाले, आणि २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या सादरीकरणाबरोबर आपले नाव यावे हा त्याचा नैतिक हक्क ठरला.

तेव्हा माझी मागणी साधी आहे आणि ती माझ्या व्यवसायबंधूंकडे आहे. यापुढे लोकगीतांचे जे संकलन विद्यापीठ वा अकादमी छापील, त्यात प्रत्येक गाण्याखाली गाणाऱ्याचे नाव, गाव, दिवस आणि त्या वेळी ऐकायला कोण बसले होते, एवढे असावे. गाणाऱ्याने नाव द्यायला नकार दिला तर तसे लिहावे. ध्वनिमुद्रणाची एक प्रत त्याच्या घरी जावी, मानधन संकलकाच्या प्रवासभत्त्याहून कमी नसावे. आणि छापण्यापूर्वी संहिता त्याच गावी, त्याच श्रोत्यांपुढे वाचून दाखवावी. ते चुका काढतील. त्या काढलेल्या चुका परिशिष्टात, काढणाऱ्याच्या नावासह छापाव्यात.