गेटपासच्या अलीकडे

रोह्याजवळच्या धाटाव एमआयडीसीत एखाद्या रासायनिक कारखान्याचा शटडाउन लागला की ठेकेदारांची झोप उडते. ठरलेल्या दिवसांत पाइपलाइन बदलायच्या, रिअ‍ॅक्टर उघडायचे, टाक्या धुवायच्या आणि प्लांट पुन्हा चालू करून द्यायचा. मग रोहा, कोलाड, नागोठणे सगळीकडे फोन जातात: फिटर आहे का, वेल्डर आहे का, दोन मदतनीस तरी पाठव. अशाच एका शटडाउनमध्ये माझ्या ओळखीचा एक वेल्डर मात्र घरी बसून होता. आर्गन वेल्डिंगला त्याचा हात असा बसलेला, की पूर्वी ठेकेदार त्याला न्यायला गाडी पाठवायचे. या खेपेला कोणी साधा फोनही केला नाही. मधल्या काळात तो वर्षाहून जास्त दिवस जेलमध्ये होता.

बांधावरून झालेल्या मारामारीत त्याचं नाव आलं. खटला अजून साक्षीपुराव्यापर्यंतही पोचलेला नाही. जामीन झाला आणि तो सुटला. कायद्याच्या लेखी तो फक्त आरोपी आहे. गावाच्या लेखी तो ‘आत जाऊन आलेला’ आहे, आणि एवढं म्हटलं की पुढचं कोणी विचारत नाही.

त्याला परत उभं राहायला नेमकं काय आडवं आलं, ते मी जवळून पाहिलं. पहिली अडचण निघाली मोबाइल नंबरची. रिचार्ज नसल्यामुळे त्याचं सिम बंद पडलं होतं. आधार त्या नंबरला जोडलेलं, बँकेचं खातंही त्यालाच. म्हणजे ओटीपी येणार तो बंद नंबरवर. कारखान्यात गेटपास काढायचा तर ठेकेदार पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला मागतो. त्याचा अर्ज ऑनलाइन भरायचा, म्हणजे पुन्हा नंबर आलाच. नवं सिम, मग आधार केंद्रात रांग, मग बँकेत केवायसी. घरात बायकोनं बचत गटाचं कर्ज काढून पोरांच्या फिया भरलेल्या, हप्ता डोक्यावर. या साऱ्यातून पार पडून दाखला हातात आला, तर त्यात गुन्हा दाखल असून खटला प्रलंबित असल्याचा शेरा. ठेकेदारानं कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाला, “केस संपली की ये.” केस कधी संपणार हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

आपल्याकडचा माणूस पकडला गेला की तो बहुधा अलिबागच्या जिल्हा कारागृहात जातो, नाहीतर तळोज्याला. अलिबागचं कारागृह म्हणजे हिराकोट, कान्होजी आंग्र्यांनी 1720 साली बांधलेला किल्ला. काळ्या दगडांच्या त्या भिंतींबाहेर नातेवाइकांची वर्दळ असते. कुणाच्या हातात कपड्यांची पिशवी, कुणाच्या वकिलाचा नंबर लिहिलेला चिठोरा. जिल्हा कारागृहांतून बहुतांश भरणा असतो तो कच्च्या कैद्यांचा, म्हणजे ज्यांचा निकाल लागलेला नाही अशांचा. देशभरचं चित्रही तेच आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 अखेर भारतातल्या तुरुंगांत 5 लाख 73 हजारांवर माणसं होती, त्यांतली 4 लाख 34 हजारांवर कच्चे कैदी. शंभरातले पंचाहत्तरहून अधिक.

इथेच माझं म्हणणं आहे. सुटून आलेल्यांच्या पुनर्वसनाचा विचार आपण करतो, तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर शिक्षा भोगून आलेला पक्का कैदी असतो. त्याच्यासाठी थोडंफार झालंही आहे, आणि त्याचा महाराष्ट्राला अभिमान वाटावा असंच ते आहे. औंध संस्थानात 1939 साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं गेलं. बाळासाहेब पंतप्रतिनिधींचं राज्य, मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याची कल्पना. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्यांना भिंतींशिवाय शेतीवर ठेवायचं आणि बायकापोरांसह राहू द्यायचं. त्या मुलखात वाढलेल्या गदिमांनी ती गोष्ट लिहिली, शांतारामबापूंनी 1957 साली तिचा ‘दो आँखें बारह हाथ’ केला आणि पुढच्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. सांगली जिल्ह्यातली ती खुली वसाहत पुढेही चालू राहिली. अगदी अलीकडे, 2022 मध्ये, राज्य सहकारी बँकेनं येरवड्यापासून ‘जिव्हाळा’ कर्ज योजना सुरू केली. कैद्याला 50 हजारांपर्यंत कर्ज, व्याज 7 टक्के, आणि परतफेड त्याच्या तुरुंगातल्या मजुरीतून. पोरीचं लग्न, आईचं आजारपण, वकिलाची फी, अशा वेळी सावकाराच्या दारात जाण्यापेक्षा हे किती चांगलं.

पण कच्च्या कैद्याला यातलं काय मिळतं? त्याला सक्तीचं काम नसतं, म्हणून सहसा मजुरी नाही. मजुरी नाही, म्हणून कर्जही नाही. तो कधी सुटेल हे कोणालाच माहीत नसतं, म्हणून त्याची सुटण्यापूर्वीची कसली तयारीही होत नाही. जामिनाचा कागद संध्याकाळी पोचतो आणि माणूस पिशवी घेऊन रस्त्यावर येतो, कधी एसटीच्या तिकिटापुरते पैसेही नसताना. ज्याच्यावर गुन्हा शाबीत झाला त्याच्यासाठी निदान कागदावर एक वाट आहे. ज्याच्यावर झालाच नाही त्याच्यासाठी तीही नाही. हे मला अन्यायाचं वाटतं.

निर्दोष सुटलेल्यांचं काय, हे विचारायलाही नको अशी स्थिती आहे. 2003 मधल्या एका प्रकरणात भटक्या जमातीतले सहा जण सर्वोच्च न्यायालयाकडूनच फाशीची शिक्षा घेऊन बसले होते. त्याच न्यायालयानं मार्च 2019 मध्ये सहाही जणांना निर्दोष ठरवलं आणि प्रत्येकाला 5 लाख रुपये, पुनर्वसनासाठी, द्यायला सरकारला सांगितलं. सोळा वर्षं गेली होती. आणि असा आदेश निघतो तो अपवादानंच. बाकीचे निर्दोष नुसते घरी येतात.

मी ठेकेदाराला खलनायक करणार नाही. रासायनिक कारखान्यात एक चुकीची ठिणगी पडली तर काय होतं, हे धाटावकरांना वेगळं सांगायला नको. कंपनीचा सुरक्षा अधिकारी नियमावर बोट ठेवतो, ठेकेदाराला पुढचं काम हवं असतं, तो कशाला जोखीम घेईल? पण जोखीम कसली आहे हे तरी पाहाल की नाही? बांधावरची मारामारी आणि कंपनीतला माल चोरणं या दोन्ही गोष्टी एकाच शेऱ्यात बसत नाहीत. दाखल्यावरचं कलम वाचा, आरोपपत्र मागा, पूर्वी ज्याच्या हाताखाली त्यानं काम केलं त्या सुपरवायझरला विचारा. दहा मिनिटांचं काम आहे. परिविक्षा कायदाच पाहा, तो 1958 चा. गुन्हा शाबीत होऊनही त्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलेल्या माणसाला दोषी ठरल्यापायी येणारी अपात्रता लागू नये, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. मग ज्याचा खटलाच अजून चालायचा आहे, त्याला आपण कोणत्या न्यायानं बाहेर उभं करतो?

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प 1990 पासून याच माणसांबरोबर काम करतो. कच्च्या कैद्यांच्या घरी निरोप पोचवण्यापासून सुटल्यावर काम मिळवून देण्यापर्यंत. त्यांच्या कामातली मला पटलेली गोष्ट अशी, की सुटलेल्याला दुसऱ्या संस्थांमध्ये मानधनावर कामाला लावतात. त्यातून त्याला अनुभव मिळतो आणि कोणीतरी त्याच्याबद्दल दोन शब्द सांगू शकतं. धाटावमध्ये हे अशक्य नाही. गेटच्या आतलं काम लगेच देववत नसेल तर बाहेरच्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये द्या. सहा महिने पाहा आणि मग गेटपासचं ठरवा. इथल्या उद्योजकांनी एकत्र बसून एवढा एक नियम केला, तरी रोहा तालुक्यातली काही घरं सावरतील.

तोवर ज्यांच्या घरचं कोणी आत आहे, त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. त्याचं सिम बंद पडू देऊ नका, छोटा का होईना रिचार्ज मारत राहा. आधार, बँकेचं पासबुक, आयटीआयचा दाखला एका पिशवीत नीट ठेवा. कोठडीतल्या माणसाला मिळकत न पाहता मोफत वकील मिळतो, तो कायद्यानं दिलेला हक्क आहे. जामीन मंजूर होऊनही पैशाअभावी सुटका अडली असेल, तर गरीब कैद्यांसाठीच्या केंद्राच्या 2023 च्या योजनेतून पैशाची मदत होऊ शकते. त्यासाठी अलिबागच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. जाणं जमत नसेल तर 15100 या क्रमांकावर फोन करा.