जयजयकार आणि जाबसाल

आपल्या शिक्षित मध्यम वर्गात एक वाक्य वरचेवर ऐकू येते. रस्त्याला खड्डे पडोत, कचेरीत अर्ज अडकून राहो किंवा विधिमंडळात गोंधळ माजो, बैठकीतील कोणी तरी सुस्कारा टाकून म्हणतो, "हा देश दहा वर्षे लष्कराच्या हाती दिला पाहिजे." सारी बैठक मान डोलावते. या वाक्याचे एक सौम्य भावंडही आहे आणि त्याची प्रतिष्ठा मोठी आहे. ते असे: "लष्कराने राज्य करू नये हे ठीक, पण लष्कराच्या कारभारात मुलकी माणसांनी नाक खुपसू नये, त्यांतले त्यांनाच कळते." पहिले वाक्य बोलणारे गृहस्थ स्वतः ते फारसे मनावर घेत नाहीत. दुसरे मात्र मनापासून बोलले जाते, देशभक्तीच्या भावनेने बोलले जाते आणि म्हणूनच आम्हांस ते अधिक घातक वाटते.

पहिल्या वाक्याचा समाचार थोडक्यात घेता येईल. कारण तो प्रयोग आपल्या शेजारीच पार पडलेला आहे. पाकिस्तानात १९५८ च्या ऑक्टोबरमध्ये जनरल अयूबखान सत्तेवर आले आणि दहा वर्षे पुरी होताच त्यांच्या राजवटीने 'विकासाचे दशक' म्हणून उत्सवही केला. उत्सव सरतो न सरतो तोच, १९६९ च्या मार्चमध्ये, त्यांना पायउतार व्हावे लागले. राज्य लोकांकडे परत न जाता दुसऱ्या सेनापतीच्या, याह्याखानांच्या, हाती गेले आणि १९७१ च्या डिसेंबरात देशाचे दोन तुकडे होऊन सुमारे ९३,००० माणसे युद्धकैदी झाली. दहा वर्षांसाठी दिलेले राज्य दहा वर्षांनी परत मिळत नाही आणि ज्या कामासाठी सैन्य ठेवायचे तेही काम त्याच्या हातून होत नाही, एवढा धडा त्यातून पुरेसा स्पष्ट आहे.

आता दुसऱ्या वाक्याकडे वळू. त्यावर आमचे म्हणणे एवढेच की, लष्करी कारभाराचा जाब विचारणे हा सैनिकाचा अपमान नव्हे. तो न विचारणे हाच सैनिकाचा घात होय. जेथे जेथे समाजाने आणि राज्यसंस्थेने हा जाबसाल सोडून दिला, तेथे तेथे त्याची किंमत सेनापतींनी नव्हे, तर साध्या शिपायाने मोजली आहे. याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच इतिहासात असून, त्यात आपल्याच मुलखातील माणसे बळी पडलेली आहेत. तरीही ते आपल्या वर्गाच्या स्मरणात फारसे नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानातील लष्करी कारभाराची रचना दुहेरी होती. सरसेनापती सैन्याचे नेतृत्व करी आणि नव्या योजना मांडी. पण रसद, दारूगोळा, लष्करी बांधकामे यांचे खाते व्हाइसरॉयच्या मंडळातील 'लष्करी सभासद' या निराळ्या अधिकाऱ्याकडे असे, आणि सरसेनापतीच्या प्रत्येक योजनेवर तो आपला स्वतंत्र अभिप्राय देई. हा सभासदही लष्करी पेशातीलच, पण हुद्द्याने सरसेनापतीहून कनिष्ठ. १९०२ च्या अखेरीस लॉर्ड किचनेर सरसेनापती होऊन आले. आपल्या कागदावर कनिष्ठाने शेरे मारावेत हे त्यांस मानवले नाही. ही पद्धत दिरंगाईची असून लष्कराविषयी सल्ला एकाच मुखाने मिळाला पाहिजे, असे ते म्हणू लागले. कर्झनसाहेबांनी उलट बाजू घेतली: योजना मांडणारा आणि तपासणारा एकच झाला, तर सरकारला लष्कराविषयी जे सांगितले जाईल तेवढेच कळेल आणि मुलकी सत्तेचे वर्चस्व नाममात्र उरेल. विलायत सरकारने मुख्यतः किचनेरांचा पक्ष उचलला. १९०५ च्या ऑगस्टमध्ये कर्झनांनी राजीनामा दिला. जुन्या खात्याचा जो अवशेष मागे राहिला होता, तोही १९०९ साली मोडीत निघाला आणि सरसेनापती हाच सरकारचा एकमेव लष्करी सल्लागार झाला.

कर्झनांविषयी आमच्या मनात प्रेम नाही. वंगभंग करणाऱ्या पुरुषासाठी त्या काळी आपल्या लोकांनी अश्रू ढाळले नाहीत, हे योग्यच झाले. परंतु माणूस अप्रिय असला म्हणून त्याचा प्रत्येक मुद्दा खोटा ठरत नाही. हा मुद्दा किती खरा होता, याचा निकाल दहा वर्षांनी तैग्रिस नदीच्या काठी लागला.

१९१४ च्या नोव्हेंबरमध्ये हिंदी फौज इराकात, त्या वेळच्या मेसोपोटेमियात, उतरली. तिच्यातील प्रमुख दल होते सहावे, म्हणजेच पुणे डिव्हिजन. त्यात १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा मराठा पलटणी होत्या. कोकणातील आणि देशावरील शेतकऱ्यांची मुले त्यांत होती. बसरा हाती आले आणि पुढे बगदादचा मोह पडला. नदीवर पुरेशा बोटी नव्हत्या, जखमींसाठी पुरेशी साधने नव्हती, तरी आगेकूच चालू राहिली. २२ नोव्हेंबर १९१५ रोजी टेसिफोन येथे लढाई जुंपली आणि त्या लढाईत चार हजारांहून अधिक माणसे ठार वा जखमी झाली. जखमींना बिनस्प्रिंगच्या खटाऱ्यांत घालून खडबडीत माळावरून नदीपर्यंत आणले आणि तेथून बोटींवर दाटीवाटीने टाकून बसऱ्याला धाडले. बसऱ्यास मेजर कार्टर नावाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने अशी एक बोट येताना पाहिली. कित्येक दिवसांत जखमांच्या पट्ट्या बदललेल्या नव्हत्या, माणसे स्वतःच्याच मलमूत्रात पडलेली होती. त्याने वरिष्ठांकडे तक्रार केली, तेव्हा त्यालाच अटकेची धमकी मिळाली. नसत्या उठाठेवी करणारा माणूस अशी त्याची संभावना झाली.

वाचकांनी हे शेवटचे वाक्य जरा थांबून वाचावे. सैनिकाच्या बाजूने बोलणाऱ्याला 'नाक खुपसू नकोस' असे येथे शब्दशः सांगण्यात आले. आपल्या बैठकीतील देशभक्तीचे वाक्य आणि त्या धमकीचे वाक्य यांत अंतर किती आहे?

माघार घेतलेली फौज कूत-अल्‌-अमारा येथे वेढली गेली. ७ डिसेंबर १९१५ पासून १४७ दिवस वेढा चालला. अन्न संपले, घोडे मारून खाण्याची पाळी आली. वेढा फोडू पाहणाऱ्या दुसऱ्या फौजेची सुमारे २३,००० माणसे कामी आली वा जायबंदी झाली. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० जणांनी शरणागती पत्करली आणि त्यांतील हजारो पुढे वाळवंटातील पायपिटीत व छावण्यांत मेले. त्यांचा सेनापती टाउनशेंड याने मात्र कैदेचा काळ इस्तंबूलजवळच्या बेटावर सुखाने काढला.

या अनर्थाचे कारण एकच होते असे आम्ही म्हणत नाही. हिंदुस्थान सरकारच्या खजिन्याची कंजुषी, व्हाइसरॉय हार्डिंग यांची महत्त्वाकांक्षा, विलायतेतील धरसोड ही सारी कारणे होतीच. पण चौकशी आयोगाने जो निष्कर्ष काढला त्यात ही गोष्ट निःसंदिग्ध आहे की, सरसेनापती आणि मंडळातील लष्करी सभासद ही दोन्ही कामे युद्धकाळात एका माणसाला झेपण्याजोगी नव्हती. बोटी किती आहेत, खाटा किती आहेत, हे विचारणारे खातेच सिमल्यात उरले नव्हते. 'एक मुख' मिळाले होते. ते मुख बोलले नाही तेव्हा सरकार बहिरे झाले.

यावर कोणी म्हणेल की ते परक्यांचे राज्य होते. स्वतंत्र, स्वाभिमानी राष्ट्रात असे घडणार नाही. त्यांच्यासाठी जपानचे उदाहरण आहे. तेथे १९०० साली असा नियम झाला की, सेनामंत्री आणि नौदलमंत्री हे प्रत्यक्ष नोकरीत असलेले वरिष्ठ सेनानीच असले पाहिजेत. नियम किती निरुपद्रवी दिसतो! 'लष्कराचे लष्करालाच कळते' या आपल्या आवडत्या तत्त्वाचेच ते कायदेशीर रूप. परिणाम असा झाला की, सैन्याने मंत्री देण्याचे नाकारले की मंत्रिमंडळच कोसळू लागले. १९१२ साली पंतप्रधान सायोन्जी यांनी दोन नव्या डिव्हिजनांचा खर्च नाकारताच त्यांचे सरकार असेच गेले. १९१३ मध्ये नियम शिथिल झाला, १९३६ मध्ये पुन्हा घट्ट करण्यात आला. १९३७ साली उगाकी हे स्वतः सेनापती असूनही त्यांना मंत्रिमंडळ बनवता आले नाही. कारण त्यांनी पूर्वी सैन्यात कपात केली होती व सैन्य त्यांना मंत्री देईना. अखेरीस जनरल तोजो हे पंतप्रधान, सेनामंत्री आणि १९४४ च्या फेब्रुवारीपासून सरसैन्यप्रमुखही झाले. विचारणारा, सांगणारा आणि मान्य करणारा असे तिघे एकाच गणवेशात आले.

पुढच्याच महिन्यात इम्फाळची मोहीम सुरू झाली. सुमारे तीन आठवड्यांची शिधासामग्री बरोबर देऊन जपानी सैनिकांना डोंगर-जंगलांतून हिंदुस्थानच्या सीमेवर लोटण्यात आले. तिन्ही डिव्हिजनांच्या सेनानींचे मोहिमेच्या प्रमुखाशी खटके उडाले आणि तिघांनाही दूर करण्यात आले. त्या सैन्याची परतीची वाट भुकेने आणि रोगाने मेलेल्यांच्या प्रेतांनी भरून गेली. जपानी शिपायाच्या शौर्याविषयी जगात कोणाला शंका नव्हती. त्याच्या पोटाचा प्रश्न विचारण्याचा अधिकार मात्र कोणाकडे उरला नव्हता.

आता आमच्या प्रतिपक्षाच्या भात्यातील सर्वांत तीक्ष्ण बाण. ते म्हणतील, "१९६२ साली काय झाले? मुलकी मंत्र्यांनी ढवळाढवळ केली, म्हणूनच ना पराभव झाला?" हा आक्षेप पोकळ नाही. सरसेनापती थिमय्यांनी १९५९ साली राजीनामा देऊन तो मागे घेण्याइतका संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशी बेबनाव झाला होता. ईशान्य सीमेवर रसदीची अडचण दाखवणाऱ्या उमरावसिंगांकडून ती आघाडी काढून घेऊन, युद्धात फौजेचे नेतृत्व केल्याचा अनुभव नसलेल्या कौल यांच्याकडे देण्यात आली. हे सर्व खरे आहे. पण याला जाबसाल म्हणत नाहीत. याला मर्जी म्हणतात. जाबसाल नियमाने होतो, लेखी होतो, विचारणाराही दुसऱ्या कोणाला उत्तरदायी असतो. मर्जी बंद दाराआड चालते आणि तिला उत्तर द्यावे लागत नाही. हिमालयाच्या थंडीत सुती कपड्यांनिशी शिपाई का उभा आहे, हा प्रश्न त्या वर्षी वेळेवर विचारला गेला असता तर तो ढवळाढवळ ठरला नसता. फौज कोणत्या टेकडीवर न्यावी हे सेनापतीने ठरवावे. ती का पाठवायची, तिच्या अंगावर काय आहे आणि तिच्या पाठीशी काय आहे, हे विचारणे लोकप्रतिनिधींचे काम आहे. १९६२ ने ही मर्यादा पुसायला नव्हे, स्पष्ट आखायला शिकवले.

आणि येथेच आमच्या वर्गाला लाज वाटावी अशी एक तुलना करतो. मेसोपोटेमियाच्या अनर्थाचा चौकशी-अहवाल ब्रिटिश सरकारने १९१७ साली, महायुद्ध ऐन भरात असताना, छापून लोकांपुढे ठेवला. आणि व्यक्तिशः फारसा दोष नसतानाही भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. आपल्याकडे १९६२ च्या पराभवाची चौकशी हेंडरसन ब्रुक्स आणि भगत या सेनाधिकाऱ्यांनी केली. नवे संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी २ सप्टेंबर १९६३ रोजी लोकसभेत तिचे सार सांगितले, ही गोष्ट त्यांना भूषणावह आहे. परंतु तो अहवाल साठ वर्षे उलटून गेली तरी सरकारने प्रसिद्ध केलेला नाही. कारगिलच्या युद्धानंतरच्या समितीचा अहवाल, काही भाग वगळून का होईना, संसदेपुढे आला. म्हणजे आभाळ कोसळत नाही हेही सिद्ध झाले. मग ६२ चा अहवाल मागण्यासाठी आपल्या सुशिक्षित वर्गाने कधी गलका केला काय? पक्ष बदलले, सरकारे बदलली, कुलूप तेच राहिले. कारण ते उघडा म्हणणारा आवाजच नव्हता.

आवाज का नव्हता, याचे उत्तर कटू आहे. या वर्गाला सैन्य प्रिय आहे, पण दुरून. मुलाने अभियंता व्हावे, परदेशी जावे आणि सीमेवर कोणी तरी उभे राहावे, अशी ही श्रमविभागणी आहे. जे घर आपला मुलगा धाडत नाही, ते घर जयजयकार करून आपले ऋण फेडू पाहते. जयजयकाराला खर्च नाही. प्रश्नाला मात्र अभ्यास लागतो. १९०२ पासून कायदेमंडळात गोपाळराव गोखले लष्करी खर्चावर आकड्यांनिशी बोलत. तो खर्च रोखण्याचा अधिकार त्यांना नव्हता, तरी ते बोलत. आज अधिकार आहे, पण संसदेत संरक्षणखात्याच्या मागण्या पुष्कळदा चर्चेवाचूनच मंजूर होतात आणि त्याची आपल्याला खंत नाही. २०२२ साली अग्निपथ योजना आली. चार वर्षांनी एक चतुर्थांशच जवान कायम होणार, हे ठरले. योजना बरी की वाईट हा येथे विषय नाही. पण बाकीच्या तिघांचे पुढे काय, हा प्रश्न आपल्या किती घरांत जेवणाच्या ताटावर निघाला?

सैन्य हे समाजापासून तुटलेले पवित्र बेट नव्हे. ते राज्यसंस्थेचा एक अवयव आहे आणि राज्यसंस्था आपली आहे. अवयवाची पूजा करणारा माणूस त्याला दुखते कोठे हे विचारीत नाही. शिपायाला फुलांचे हार पुष्कळ मिळाले. कूतच्या वेढ्यात त्याला हवी होती ती बोट, बोमदिलाच्या वाटेवर हवा होता तो लोकरी अंगरखा. या वस्तू जयघोषाने येत नाहीत. कोणी तरी विधिमंडळात उभे राहून, कागद मागून, हिशेब विचारून त्या आणाव्या लागतात. आणि त्याने तसे विचारावे म्हणून त्याच्या मागे मतदारांचा रेटा लागतो. ज्याला सैनिकाविषयी खरोखर आदर आहे, त्याने हा रेटा द्यावा. ज्याला तो द्यायचा नाही, त्याने निदान विचारणाऱ्याला देशद्रोही म्हणू नये.