पसंतीक्रमात नगरपालिका वर का नसावी?

राज्यसेवा परीक्षेचा निकाल लागला की पुण्यातल्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये पहिली विचारणा होते ती पदाची. उपजिल्हाधिकारी, पोलीस उपअधीक्षक, तहसीलदार ही नावे तोंडभरून घेतली जातात. नगरपरिषदेचा मुख्याधिकारी किंवा गटविकास अधिकारी म्हणून निवड झालेल्याचेही अभिनंदन होते, पण पाठोपाठ प्रश्न येतो, 'पुन्हा देणार ना परीक्षा?' एम.ए., एम.एस्सी. झालेल्या मुलामुलीने नगरपालिकेत जायचे म्हणजे कुठेतरी कमी पडल्याची कबुली द्यायची, असा हा समज आहे. तो चुकीचा आहे आणि त्याने विद्यार्थ्यांचे जेवढे नुकसान केले, त्याहून अधिक आपल्या गावांचे आणि शहरांचे केले.

या समजामागे चार आक्षेप आहेत. ते उडवून लावण्यासारखे नाहीत, म्हणून एकेक तपासून पाहू.

पहिला आक्षेप असा की गटारे, दिवाबत्ती आणि कचरा हे काम शिकलेल्या माणसाला छोटे पडते. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीवर नुसती नजर टाकली तरी हा आक्षेप टिकत नाही. 74व्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांसाठी 18 विषय नेमून दिले. त्यांत नगररचना आहे, जमीनवापराचे नियमन आहे, पाणीपुरवठा, सार्वजनिक आरोग्य, झोपडपट्टी सुधारणा आणि नागरी दारिद्र्य निर्मूलनही आहे. 73व्या घटनादुरुस्तीबरोबर आलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी 29 विषय आहेत. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातली 45 टक्क्यांहून अधिक लोकसंख्या शहरी आहे. एवढ्या लोकांच्या नळाला येणारे पाणी पिण्याजोगे आहे की नाही, हा प्रश्न छोटा कसा म्हणावा?

1994 मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली आणि घाबरलेल्या माणसांनी शहर सोडून पळ काढला. पुढच्याच वर्षी एस. आर. राव तिथे महापालिका आयुक्त म्हणून आले. वरिष्ठ अधिकाऱ्यांनी रोज सकाळी वॉर्डात जायचे, कचरा उचलला गेला की नाही हे जागेवर पाहायचे आणि अतिक्रमणावर कारवाई करताना मोठ्या-लहानाचा भेद करायचा नाही, अशी शिस्त त्यांनी लावली. दोन-तीन वर्षांत सुरतेचे नाव स्वच्छ शहरांच्या यादीत घेतले जाऊ लागले. ज्या कामाला आपण गटारांचे काम म्हणून नाक मुरडतो, ते नीट न झाल्यास काय होते आणि झाल्यास काय होते, हे त्या एका शहराने पाठोपाठ दाखवले.

दुसरा आक्षेप म्हणजे विद्यापीठात शिकलेला विषय तिथे वाया जातो. इथे इतिहासच उलटी साक्ष देतो. मुंबई विद्यापीठात 1919 मध्ये जो विभाग सुरू झाला त्याचे नाव 'समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र' असे जोडीचे होते आणि त्याचे पहिले प्राध्यापक होते पॅट्रिक गेडीस. भारतातल्या कितीतरी शहरांत पायी हिंडून त्यांचे नगररचनेचे अहवाल लिहिणारा हा माणूस. पुण्यात धनंजयराव गाडगीळांच्या नेतृत्वाखाली गोखले संस्थेने शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. घरे, धंदे, मजुरी, कुटुंबांचे उत्पन्न यांची ती मोजदाद 1945 आणि 1952 मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाली. आपले शहर हा अभ्यासाचा विषय आहे हे या मंडळींना कुणी पटवून द्यावे लागले नव्हते.

आजच्या एखाद्या ग्रामपंचायतीतले दृश्य पाहा. जलसुरक्षक टाकीत टी.सी.एल. पावडर टाकतो, थोड्या वेळाने नळाचे पाणी एका छोट्या नळीत घेतो आणि त्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब सोडतो. पाणी पिवळे झाले की क्लोरीन शिल्लक आहे असे समजायचे. या चाचणीला गावात 'ओ.टी.' म्हणतात. पाण्याच्या स्रोतांची पाहणी झाली की धोक्यानुसार ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. आता सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करणारी मुलगी इथे उभी आहे असे समजा. टाकीजवळ पिवळे होणारे पाणी शेवटच्या वस्तीतल्या नळाला पिवळे का होत नाही, हे तिला विचारावेसे वाटेल. गळती कुठे आहे, गटाराशेजारून जाणारी वाहिनी कोणती, गेल्या पावसाळ्यात जुलाबाचे रुग्ण कोणत्या गल्लीत निघाले, या तीन नोंदी तीन वेगळ्या वह्यांत असतात. त्या एकत्र मांडायला शिकलेले डोके लागते. भूगोलाच्या विद्यार्थ्याला नकाशा येतो, संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला नमुना पाहणी येते, समाजकार्याच्या विद्यार्थ्याला वस्तीत बसून बोलता येते. यातले काहीही वाया जात नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत जोरात मांडला जातो, तो म्हणजे राजकारणी काम करू देत नाहीत. नगरसेवकांचा दबाव असतो, ठेकेदारांची साखळी असते, बदलीची टांगती तलवार असते. हे सगळे खरे आहे. पण अधिकारी तिथे निःशस्त्र नसतो. 1965 च्या नगरपरिषद अधिनियमातील कलम 308 नुसार बेकायदा किंवा जनहिताला बाधक ठरावाची अंमलबजावणी जिल्हाधिकारी थांबवू शकतात. नगरपालिकेच्या बोलीत '308 खाली प्रस्ताव पाठवला' हे वाक्य सर्वांना कळते. शिवाय लोकप्रतिनिधी म्हणजे केवळ अडथळा, ही समजूतच मुळात लोकशाहीला न शोभणारी आहे. कोणत्या आळीत तीन दिवस पाणी आले नाही, हे अधिकाऱ्याच्या आधी नगरसेवकाला कळते, कारण लोक त्याच्याच दारात जातात. 2022 पासून राज्यातल्या अनेक महापालिका आणि नगरपरिषदांमध्ये निवडणुका लांबल्या आणि प्रशासकांनी कारभार पाहिला. निवडून आलेले कुणी नसले की कारभार आपोआप सुधारतो, असा अनुभव त्या काळात नागरिकांना आला नाही.

वेंगुर्ल्याचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. रामदास कोकरे तिथे नगरपरिषदेचे मुख्याधिकारी असताना कचऱ्याचे घरोघरी वर्गीकरण सुरू झाले. ओला-सुका इतक्यावर न थांबता प्लास्टिक, काच, धातू वेगळे होऊ लागले. ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस, सुक्यापासून जळणाच्या कांड्या आणि प्लास्टिकचा चुरा रस्त्याच्या डांबरात, अशी प्रत्येकाची वाट ठरली. दुर्गंधीमुळे ज्या डेपोजवळून जाणे नकोसे व्हायचे, तो पाहायला बाहेरगावची माणसे येऊ लागली. हे काम सभागृहाच्या सहकार्याशिवाय आणि सफाई कामगारांच्या विश्वासाशिवाय झालेच नसते. पुढे कर्जत आणि माथेरानमध्ये कोकरे यांनी हीच पद्धत राबवली. मुख्याधिकारीपदाला वाव नाही असे म्हणणाऱ्यांनी वेंगुर्ला पाहून यावे.

चौथा आक्षेप पैशाचा आहे आणि त्यातला मोठा भाग मान्य करायला हवा. आधी जकात गेली, मग तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर गेला. 2017 मध्ये वस्तू व सेवा कर आल्यापासून महापालिका राज्याच्या भरपाईवर विसंबून आहेत. पंधराव्या वित्त आयोगाच्या ग्रामपंचायतींना मिळणाऱ्या निधीतही 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित ठेवलेली होती. घटनेने विषय दिले, पण पैसा आणि माणसे पुरेशी आली नाहीत. मात्र यावरून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. उत्पन्न तोकडे आहे म्हणूनच तिथे अर्थशास्त्र आणि वाणिज्य शिकलेली माणसे हवीत. नगरपरिषदेची कर आकारणीची यादी दर चार वर्षांनी नव्याने करायची असते. त्या यादीत जुने कौलारू घर आणि जागेवर चार मजली इमारत, हा प्रकार नगरपालिकेत काम केलेल्या कुणालाही नवा नाही. ही तफावत शोधून, नोटीस देऊन, हरकती ऐकून, न्याय्य आकारणी करणे म्हणजेच शहराला पैसा मिळवून देणे.

आक्षेप असे निकाली निघत असतील तर मार्ग कोणता? तो आवडीपासून सुरू व्हावा. आज विद्यार्थी आधी परीक्षा ठरवतो, मग पदांची उतरंड पाठ करतो आणि आपल्याला नेमके काय करायला आवडते हा प्रश्न शेवटी येतो, किंवा येतच नाही. 2025 पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आणि तीत वैकल्पिक विषय आला. आपला विषय मनापासून शिकलेल्याला त्याचा आता उपयोग आहे. राज्यसेवेखेरीजही दारे आहेत. नगरपरिषदांच्या राज्यस्तरीय संवर्गांत कर निर्धारण, लेखा, अभियांत्रिकी, पाणीपुरवठा अशा शाखा आहेत. 1926 पासून मुंबईत असलेली अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था या क्षेत्राचे पदविका अभ्यासक्रम चालवते. केंद्राने 2020 मध्ये सुरू केलेल्या 'ट्युलिप' योजनेतून पदवीधरांना नागरी संस्थांत प्रशिक्षणार्थी म्हणून काम करता येते.

निवडणुकीच्या वाटेनेही शिकलेली माणसे इथे येतात. हिवरे बाजारचे पोपटराव पवार एम.कॉम. होते. 1990 च्या सुमारास ते गावाचे सरपंच झाले आणि पुढे दरवर्षी पावसाच्या पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून पीक ठरवण्याची पद्धत त्या गावात रुजली. जमा-खर्च वाचता येणाऱ्या माणसाने पाण्याचा जमा-खर्च गावाला वाचायला शिकवला. त्यांना 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली, पण त्याच्या कितीतरी आधी टँकर बंद झाला होता आणि स्थलांतर केलेली कुटुंबे परतली होती.

यासाठी नवा कायदा किंवा मोठी योजना लागत नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्याच वर्षी चार श्रेयांकांचे 'ऑन जॉब ट्रेनिंग' किंवा क्षेत्रप्रकल्प आहे. कुठूनतरी प्रमाणपत्र आणून तो उरकण्याऐवजी विभागप्रमुखांनी जवळच्या नगरपरिषदेशी किंवा पंचायत समितीशी करार करावा. मुख्याधिकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना चहा पाजून परत न पाठवता एक प्रभाग, एक नोंदवही आणि एक प्रश्न द्यावा. विद्यार्थ्याने जमवलेली माहिती फेब्रुवारीतल्या अर्थसंकल्पाच्या सभेपूर्वी सभागृहापुढे यावी. आणि लोकसेवा आयोगाच्या मुलाखतीत मुख्याधिकारीपद वरच्या पसंतीला लिहिणाऱ्या उमेदवाराला कारण विचारले गेले, तर त्याच्याजवळ त्या प्रभागातल्या पाण्याचे, करांचे आणि माणसांचे सांगण्यासारखे पुष्कळ असेल.